दिवा मालवणारा हात

दिवाळीच्या अंकात दिवे मालवण्याविषयी लिहावे, हे जरा विपरीतच. आमच्या घरात दिवा 'विझव' असे कुणी म्हणत नसे. आई 'मालव' म्हणायची, नाहीतर 'शांत कर'. पण गेले वर्षभर माझ्या मनात मालवलेल्या दिव्यांचाच विषय घोळतो आहे, आणि त्याला निमित्त झाला माझा नातू.

नातू संगणकाचे शिक्षण घेतो. सुट्टीत घरी आला की रात्र रात्र लढाऊ विमाने उडवतो, अर्थात पडद्यावर. सिम्युलेटर म्हणतात त्या जातीचा हा खेळ. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटन, जर्मनांशी झालेली हवाई लढाई. विमानातले काटे, इंजिनाची घरघर, ढगांचे पुंजके, सारे हुबेहूब. त्याला एकच गोष्ट खटकत होती. रात्रीचा विमानतळ एकतर आजच्यासारखा लखलखीत दिसे, नाहीतर काळोखात मुळीच दिसत नसे. "आज्जा, तुमची अख्खी नोकरी विजेत गेली. जरा बघा की," तो म्हणाला. मी पस्तीस वर्षे वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो. आमच्या सांबऱ्याचा विमानतळही त्याच युद्धातला, १९४२ चा. म्हटले, बघू या.

त्या वेळचे दिवे कसे होते, हे वाचून मी थक्क झालो. सुरुवातीला तर वीजही नव्हती. बागेला पाणी घालायच्या झारीसारखे पत्र्याचे भांडे, आत रॉकेल आणि तोटीत जाडजूड वात. असे दिवे गवती धावपट्टीच्या कडेने ओळीत मांडायचे आणि माणसांनी जाऊन एकेक पेटवायचा. शत्रूचे विमान आल्याची वर्दी आली की पुन्हा पळत जाऊन एकेक मालवायचा. नातवाने पहिल्या झटक्यात हे सगळे दिवे सारख्या तेजाचे लावले. मी म्हटले, अरे, वाऱ्यात वात झुकते, काजळते. एका ओळीतल्या दोन कंदिलांचा उजेड कधी सारखा पाहिलास का? ते त्याला पटले.

मग विजेची पाळी. स्पिटफायर विमानाचे नाक लांब, त्यामुळे उतरताना पुढची जमीन त्याच्या आड जाते. त्यात इंजिनाच्या धुराड्यांतून निघणाऱ्या ज्वाळांनी वैमानिकाचे डोळे दिपतात. स्कॉटलंडमधल्या ड्रेम येथील तळाचा प्रमुख रिचर्ड अॅचर्ली याने १९४० मध्ये यावर तोड काढली. दिव्यांना झाकणे बसवून उजेड असा बांधला की योग्य दिशेने, योग्य उंचीवरून येणाऱ्यालाच तो दिसावा. विमानतळाभोवती खांबांवर दिव्यांचे कडे केले. त्याच्या कडेकडेने फिरत वैमानिकाने धावपट्टीच्या तोंडाशी यायचे. उतरण्याचा कोन सांगणारा आणखी एक दिवा असे: फार खाली आलात तर तांबडा, बरोबर असाल तर हिरवा, फार वर असाल तर पिवळसर. पुढे ही पद्धत ब्रिटिश हवाई दलाच्या इतर तळांवरही गेली. विजेचे असल्यामुळे हे दिवे एका जागेवरून लावता, मंद करता आणि मालवता येत.

दोन महिने आम्ही आजा-नातू यात बुडालो होतो. सगळे जुळले आणि नातू पहिल्यांदा रात्री उडाला. त्याला विमानतळ सापडेचना! "थोडे ठळक करू या का?" त्याने विचारले. मी नाही म्हटले. तेव्हाच्या वैमानिकाला जे दिसत नव्हते, ते तुला दिसले तर मग आपण एवढी खटपट केली कशासाठी? तो कुरकुरला, पण शिकला.

तरीही मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. दिवे अगदी बिनचूक होते, पण ते जळतच राहत. मुळात ते लपवले का होते? १९४० पासून हॉलंडमधल्या गिल्झे-रायन तळावरची जर्मन विमाने रात्री इंग्लंडवर येत, मोहिमेवरून परतणाऱ्या ब्रिटिश विमानांच्या मागे लागत आणि ती उतरायला लागली की त्यांना टिपत. १९४१ च्या ऑक्टोबरात हिटलरने हे थांबवले. पण ३ मार्च १९४५ च्या रात्री शंभरावर जर्मन विमाने पुन्हा तशीच आली आणि त्यांनी वीसेक बॉम्बफेकी विमाने पाडली. अशी वर्दी आली की तळावरचे दिवे मालवले जात. वर आपलीच माणसे घिरट्या घालताहेत, कुणाचे पेट्रोल संपत आले आहे, कुणाच्या विमानात जखमी आहे. आणि खाली एकदम काळोख.

यावरचे नेहमीचे उत्तर हिशेबाचे असते: एका विमानासाठी सारा तळ धोक्यात घालायचा का? हा हिशेब मला चूक वाटत नाही, पण अपुरा वाटतो. कारण बटणापाशी बसलेल्याला हिशेबातले आकडेच ठाऊक नसतात. डोक्यावरची घरघर परक्याची की आपल्याच पोराची, हे त्याला कळत नाही. रॉकेलचे दिवे मालवायला अनेक हात लागत, काही मिनिटे जात. तेवढ्यात कुणीतरी "थांबा, आपलाच आहे!" म्हणून ओरडण्याला वाव होता. ड्रेमच्या दिव्यांनी कितीतरी वैमानिक सुखरूप उतरले, पण ती मिनिटे गेली. अनेकांच्या हातांत वाटलेला भार एका बोटावर आला.

तिथे खोटे विमानतळही होते. कर्नल जॉन टर्नर यांच्या खात्याने मोकळ्या रानात दिव्यांच्या खोट्या धावपट्ट्या मांडल्या होत्या, शत्रूने खऱ्या तळाऐवजी तिथे बॉम्ब टाकावेत म्हणून. दोघेजण जवळच्या खंदकात बसून ते दिवे लावत. त्यांची मला काळजी वाटते, पण त्यांच्या कामाचा पेच वाटत नाही. त्यांनी उजेडाने थाप मारली खरी. ती उलटली तर बॉम्ब त्यांच्याच डोक्यावर पडायचे होते. ड्रेमच्या बटणापाशी बसणाऱ्याला मात्र स्वतःचा जीव असा पणाला लावण्याची सोय नव्हती. धोका दुसऱ्याचा, बोट याचे.

हे मी नातवाला सांगितले. त्याने चार दिवस खपून खेळात एक कळ आणून दिली. दुसऱ्या संगणकावर मी बसायचे, दिवे माझ्या ताब्यात. वर तो, आणि पुण्याहून त्याचा एक मित्र जर्मन बनून. मला फक्त आवाज ऐकू येणार. पहिल्याच रात्री घरघर जवळ आली. एकच इंजिन आहे की मागे दुसरेही, काही समजेना. मी दिवे मालवले. पलीकडच्या खोलीत नातू हसत ओरडला, "आज्जा, मीच होतो की!" मित्राला तर अजून किनाराही सापडला नव्हता. नातवाच्या टाकीत चार मिनिटांचे पेट्रोल होते, असे तो म्हणाला.

त्याला हसू आले. मला नोकरीतली एक वळवाची रात्र आठवली. वादळात तारा तुटल्या होत्या, लाइनमन 'लाइन क्लियर' घेऊन खांबावर गेला होता. तो परत येऊन सही करीपर्यंत फीडर चालू करायचा नाही, हा नियम. त्याच फीडरवरच्या एका लहान दवाखान्यातून तीनदा फोन आला. बाई अडली होती, नर्सच्या हातात बॅटरी होती, तीही मंद होत चालली होती. मी दोन तास फीडर बंद ठेवला. लाइनमन भिजून आला आणि म्हणाला, "साहेबर, नानु आगले केळगे इळिदिद्दे." तो केव्हाच खाली उतरून देवळाच्या ओसरीत पावसासाठी थांबला होता. मी नियम पाळला होता. आज तीच वेळ आली तर मी तेच करीन. खांबावरचा माणूस जळून गेला तर त्याला काही परत आणता येत नाही. पण सकाळी सुटल्यावर दवाखान्यावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून मी तळ्याकडून घरी गेलो. त्या बाईचे काय झाले, ते कधी विचारले नाही. कुणी आपणहून सांगितलेही नाही.

"आज्जा, परत उडालोय," पलीकडून नातवाची हाक आली. "दिवे लावा की."

मी कळीवर बोट ठेवून कान दिला.