भाकरीचे मोल

प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो. पण ती आपल्या ताटात कोठून येते आणि कोणाच्या कष्टाने येते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे कमी पावसाचे तालुके. येथे वाडवडिलांनी खरिपात बाजरी आणि रब्बीत शाळू पेरला. परतीच्या पावसाची काळ्या रानात जी ओल मुरते, तिच्यावर शाळू येतो. माणसाला दाणा मिळतो, जनावराला कडबा. जोडीला हुलगा आणि मटकी. भाकरी, हुलग्याचे माडगे, खरडा, ताक असे साधे जेवण असे. जी जमीन जेवढे पाणी देई, तेवढ्यातच भागेल असे अन्न त्यांनी निवडले होते.

पुढे पाटाचे पाणी आले, ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ आला. पाहुण्याला चपाती आणि घरच्यांना भाकरी, असे करून आपणच भाकरीला गरिबीची खूण ठरवले. आता संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारीत तंतू भरपूर, बाजरीत लोह चांगले, हे आपण कौतुकाने एकमेकांना सांगतो. मात्र २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचा दर एक रुपया किलो असा लिहिला गेला होता, तरीही गरिबाच्या पिशवीत बहुधा गहू-तांदूळच पडत आला. ज्याची ती भाकरी होती त्याला ती दुकानातून विकत घेणे जड जाते, आणि सधनाच्या ताटात ती पथ्य म्हणून येते.

मग जुन्या आहाराचे नुसते गोडवे गाणे पुरेसे आहे का? शाळू हाताने उपटावा लागतो. त्याला हमीभाव जाहीर होतो, पण उसासारखा माल उचलून नेणारा कारखाना त्याच्यामागे नाही. घरात भाकऱ्या थापून तव्याच्या धगीपुढे बसते ती बहुधा आई, बहीण, सूनबाई. ‘परंपरा जपा’ असे सांगणारे आम्ही मात्र ताटावर बसलेलो असतो. आणि बाजारात ज्वारी घेताना किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारेही आम्हीच!

चांगले अन्न टिकावे असे वाटत असेल, तर त्याचे मोल आपणही द्यायला हवे. पिकवणाऱ्याला रास्त भाव द्यावा. घरातील मुलांनी व पुरुषांनीही परातीत हात घालावा. शेजारच्या गरजू घरी पायलीभर ज्वारी पोहोचवावी.

प्रार्थनेत आपण ‘माझी’ भाकर म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. त्या ‘आमची’त शेतकरी, मजूर आणि तव्यापुढे बसलेली आईही आहे ना? येत्या आठवड्यात जेवायला बसताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या.