औषध देणाऱ्याचे स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. द्रव्य आणि रोगी यांच्यामध्ये, गल्ल्याच्या पलीकडे उभा राहणारा जो मनुष्य, त्याचे नाव त्या यादीत आढळत नाही. वैद्य आणि औषध देणारा हे दोन व्यवसाय आज विभक्त झाले असता या चतुष्टयात त्यास कोठे बसवावे, हा प्रश्न हैदराबादच्या नारायणगुड्यातून जाताना मला नेहमी पडतो. येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनकडे कुत्रा चावलेला मनुष्य लसीसाठी धावत येतो, कारण त्याची जखम त्यास दिसत असते. परंतु जो रोग वीस-पंचवीस वर्षे यकृतात मुकाट्याने बसून राहतो, त्यासाठी कोण धावणार?

तो रोग हिपॅटायटिस सी. त्याच्या विषाणूचा शोध १९८९ साली लागला आणि आपल्या देशात रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्यापूर्वी रक्त घेतलेला गृहस्थ ‘माझे कोणते पाप फळास आले’ असे विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर कर्मविपाकात नसून न तपासलेल्या एखाद्या पिशवीत किंवा न उकळलेल्या सुईत असते, हे त्यास स्पष्ट सांगणे हासुद्धा उपचारच होय.

द्रव्याचा पाद आता भक्कम आहे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत संमत झालेल्या, या रोगावरील सोफोसबुवीरच्या एका गोळीस तेथे हजार डॉलर पडत. तेच औषध पुढे परवान्याने हैदराबादच्या हेटेरो आणि नॅटको या कंपन्या बनवू लागल्या, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या आपल्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळू लागले. तथापि ज्यास काही दुखतच नाही, त्याने बहुधा ८४ दिवस, एकही दिवस न चुकता, गोळी घ्यावयाची, ही तपश्चर्या औषधाच्या किमतीने साधत नाही. सोबत वेलपाटासवीर हे जोड-औषध असता रोग्याने आपल्या मनाने पित्तावरची गोळी घेतली, तर औषध पुरते शोषले जात नाही. हृदयासाठी ॲमिओडॅरोन चालू असेल, तर नाडी प्राणघातक मंद होऊ शकते. यकृताचा डॉक्टर एक चिठ्ठी लिहितो, हृदयाचा दुसरी. दोन्ही चिठ्ठ्या एकाच हातात पडतात त्या औषधाच्या दुकानात. तेथे प्रश्न विचारणारा कोणी असेल, तरच हा धोका वेळीच ध्यानात येतो.

चरकाने परिचारकाच्या ठायी सेवेचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शौच हे चार गुण मागितले आहेत. जो गोळ्या मोजून देतो, न आलेल्या रोग्याची चौकशी करतो, आणि औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासून घेण्याची आठवण देतो, तो या कसोटीस उतरतो; त्यास मी निःशंकपणे तिसऱ्या पादात बसवीन. केवळ मालाचा हिशेब ठेवणारा मात्र, त्याची सनद भिंतीवर कितीही झळकत असो, कपाटासह द्रव्याच्याच पादात मोडतो.

वाचकहो, पुढच्या खेपेस दुकानात जाल, तेव्हा घरातील सगळ्या चिठ्ठ्या बरोबर न्या, आणि न विचारताही पित्ताच्या गोळीचे नाव सांगा.