माळकऱ्याचे पान



ज्येष्ठ-आषाढ आला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाटांवर टाळ-मृदंगाचा नाद उमटतो आणि दिंड्या पायी पंढरीस निघतात. साखळीजवळ वाळवंटीच्या काठी वसलेल्या विठ्ठलापुरातील विठुरायाच्या दर्शनासही याच दिवसांत भाविकांची रीघ लागते. अशा वेळी एखादा तरुण तुळशीची माळ गळ्यात घालतो व मत्स्य, मांस आणि मद्य यांचा त्याग करतो. माळ घालणे क्षणाचे काम. परंतु ज्या भूमीत हुमणावाचून भात गळ्याखाली उतरत नाही, तेथे ती निभावणे म्हणजे नित्याची परीक्षाच होय.

आमच्या देवळाच्या सीमेतील एका तरुणाची गत आम्ही डोळ्यांनी पाहिली. माळ घातल्यावर सोबती त्यास 'महाराज' म्हणून हिणवू लागले. एका जेवणावळीत थट्टेने त्याच्या पानात मासळीचा तुकडा पडला. त्याने पान उलथले व तो उठून गेला. पुढे तो घरीही ओसरीवर एकटाच जेवू लागला. बायकोस दोन वेळा दोन स्वयंपाक करावे लागत. म्हातारी आई डोळे पुसत म्हणाली, "पुता, माझ्या हातचे तुला नकोसे झाले काय?" त्यातच राखणदारास कोंबडा देण्याची त्या घराची पाळी आली. त्याने साफ नकार दिला. गावावर कोप होईल म्हणून वडील चुलत्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले.

तो आमच्या तीर्थरूपांकडे आला. त्यांनी त्यास महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा सांगितली. कौशिक नामक तपस्व्याने क्रोधाच्या दृष्टीने एक बगळी जाळली होती. त्याचा तो गर्व एका गृहिणीने ओळखला आणि त्यास मिथिलेस धर्मव्याधाकडे धाडले. पाहतो तो व्याध मांस विकत बसलेला! तो स्वतः मांस खात नसे. परंतु त्याने खाणाऱ्यांस तुच्छ लेखले नाही, आणि वृद्ध मातापित्यांची सेवा हाच आपला धर्म मानला. कौशिकासही त्याने तोच उपदेश केला, की घरी टाकून आलेल्या मातापित्यांकडे परत जा.

तीर्थरूप म्हणाले, "बाबा, माळ तुझ्या गळ्यात आहे, आईच्या नव्हे. आपले भांडे आपण घास, पण पंक्तीस बस."

त्याने तसेच केले. आपली डाळ तो आपणच शिजवू लागला व आईच्या शेजारी बसून जेवू लागला. राखणदारापुढे त्याने नारळ ठेवला. कोंबड्याची रीत चुलतभावाने पाळली. आईचे रडणे थांबले. चुलते अद्याप पूर्वीसारखे बोलत नाहीत, आणि सोबत्यांचे टोमणेही चालूच आहेत. व्रताची किंमत ती हीच.

आता इतर जनांसही आमचे सांगणे आहे. सोमवारी आपल्या बहुतेक घरांत शिवराक असते. श्रावणात आणि चतुर्थीस तर मासळीचे नावही निघत नाही. त्या दिवशी कोणी कोणास हसत नाही. वरण-भात, खतखते आणि सोलकढी सर्वांस गोड लागते. मग सोमवारी जे पवित्र, ते मंगळवारी एकाने पाळले तर हास्यास्पद कसे होते? हसतो तो अन्नास नव्हे. आपल्यातला एक वेगळा झाला, याचे त्यास भय वाटते.

माळकऱ्यानेही ध्यानी धरावे, की किनाऱ्यावर जाळे ओढून जो आपली लेकरे पोसतो, त्याचाही पांडुरंग तोच आहे. जिभेवरून मासळी उतरली आणि अहंकार चढला, तर त्या व्रतात काय उरले? घरच्या स्त्रीवर दुप्पट कष्ट लादून मिळविलेले पुण्य पंढरीस पोहोचणार नाही.

तेव्हा येत्या एकादशीस प्रत्येक घराने इतके करावे: माळकऱ्याच्या पानात आग्रहाने काही वाढू नये, आणि माळकऱ्याने पंक्तीतून उठू नये. पांडुरंग सर्वांस ही बुद्धी देवो.

इति शुभम्.