सेप्सिसची चाहूल आणि गुणांकाची निवड

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन आपल्याच अवयवांना निकामी करू लागतो, तेव्हा त्या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. उपचाराला उशीर झाला की धोका वाढत जातो, म्हणून खाटेजवळ मोजता येणाऱ्या लक्षणांना गुण देऊन असा रुग्ण वेळीच हेरण्याच्या पद्धती निघाल्या. मात्र 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 12 लाख लोकवस्तीच्या आणि बहुतांशी ग्रामीण असलेल्या वाशिम जिल्ह्यात त्यांची निवड करताना मोजणार कोण, कशाने, आणि मोजल्यावर पुढे काय करणार, हे आधी पाहावे लागते.

प्रचलित पद्धतींपैकी सर्वांत जुनी ‘सर्स’ ही ताप, नाडी, श्वसनगती आणि पांढऱ्या पेशींची संख्या पाहते. ती सहसा रुग्ण निसटू देत नाही, पण साध्या विषाणूजन्य तापातही धोक्याची घंटा वाजवते, शिवाय पेशी मोजायला प्रयोगशाळा लागते. 2016 साली पुढे आलेली ‘क्विक सोफा’ मिनिटाला 22 किंवा अधिक श्वास, 100 किंवा त्याहून कमी वरचा रक्तदाब आणि ढळलेली शुद्ध एवढेच पाहते व तिघांपैकी दोन असल्यास धोका मानते. ब्रिटनमधील ‘न्यूज-2’ मध्ये यांखेरीज नाडी, तापमान, रक्तातील ऑक्सिजन आणि रुग्णाला ऑक्सिजन लावला आहे का, यांचेही गुण धरतात.

समजा, सोयाबीनच्या सोंगणीत पायाला विळा लागलेल्या मजुराचा ताप 38.4 सेल्सिअस, नाडी 112, श्वास 24, वरचा रक्तदाब 104 आणि ऑक्सिजन 95 टक्के आहे, आणि तो शुद्धीवर आहे. ‘क्विक सोफा’त त्याला एकच गुण मिळतो, म्हणजे तो घरी पाठवला जाऊ शकतो, तर ‘न्यूज-2’ मध्ये सात गुण होतात आणि सातला तातडीची हालचाल अपेक्षित असते. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी चाळणीसाठी केवळ ‘क्विक सोफा’वर विसंबू नये, असे सांगितले ते याच उणिवेमुळे.

तरीही ‘न्यूज-2’ चे सारे बळ मोजणाऱ्याच्या हातात असते. श्वास पूर्ण मिनिटभर न मोजता अंदाजाने 20 लिहिले, तर याच मजुराचे दोन गुण जातात आणि सातचे पाच होतात.

मोजणाऱ्यावर विश्वास टाकता येतो, हे विदर्भातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यदूतांना नवजात बाळांतील जंतुदोष ओळखायला शिकवले. 2005 साली मांडलेल्या निकषांत रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग गार लागणे अशा सात खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसणे पुरेसे मानले. त्या कामाचे खरे बळ असे, की खूण ओळखणाऱ्याच्याच हाती प्रतिजैविकाचे इंजेक्शन होते.

मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील उपकेंद्रासाठी हाच धडा आहे. तेथे ऑक्सिमीटर, रक्तदाबयंत्र, तापमापक आणि घड्याळ यांवर चालणारी ‘न्यूज-2’ सारखी पद्धत योग्य. पण किती गुणांना प्रतिजैविकाची पहिली मात्रा द्यायची, केव्हा 108 रुग्णवाहिका बोलवायची आणि किती वेळाने पुन्हा मोजायचे, हे त्याच तक्त्यावर छापलेले हवे. वाशिमला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या गुणांची मर्यादा जिल्ह्यातील रुग्णांवर पडताळून पाहण्याचे काम त्याने हाती घ्यावे. परक्या रुग्णालयात ठरलेली रेषा येथील रोग, येथील अंतरे आणि येथील मनुष्यबळ पाहून जिथे सरकवावी लागेल, तिथे ती पुराव्यानिशी सरकवणे हीच या तुलनेची सार्थकता होय.