चौकटीतील दुःखाचा साक्षी

कलेतील दुःख पाहून मनाला सुख का वाटावे, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्रात जुनाच आहे. आणि १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची जी उपपत्ती मांडली, तिचा आशय असा की, वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो आणि तरीही आपले स्वत्व विसरत नाही, म्हणूनच त्याला आनंद होतो. परंतु ज्याचे दुःख काल्पनिक नसून रात्रीची झोप हिरावून घेणारे आहे, त्याने आपल्याच दुःखाचे चित्र पाहिले तर काय होते, याचा विचार त्या उपपत्तीत फारसा येत नाही. सकाळी बोरिवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातातील मोबाइलवर एखाद्या नैराश्यग्रस्त चित्रकर्तीची चित्रकथा वाचणाऱ्या मुलीला अंधेरी येईतो किंचित हलके वाटते, ते नेमके कशाने? ती आनंदात नाही, आणि तिचे दुःखही संपलेले नाही.

या प्रश्नाचा एक प्राचीन दाखला त्याच बोरिवलीच्या पूर्वेस, कान्हेरीच्या डोंगरात आहे. तेथील नव्वदाव्या लेण्यात संकटांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची मूर्ती मध्यभागी उभी असून तिच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान दृश्ये कोरलेली आहेत. हत्ती, सिंह, सर्प, अग्नी, चोर, बुडते जहाज ही त्या काळची महाभये होत. आणि सोपारा, कल्याण, चौल येथील ज्या व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद कान्हेरीच्या शिलालेखांत आढळते, त्यांना त्यांतील जलभय तरी परके नसणार. ही सारी भये बाहेरची. पुढे तिबेटी परंपरेने त्यांचा आंतरिक अर्थ लावला: सिंह म्हणजे गर्व, अग्नी म्हणजे क्रोध, सर्प म्हणजे मत्सर. भय मनातलेच आहे हे एकदा मान्य केल्यावरही त्याला आकार द्यावासा वाटला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण निराकार भयाशी माणसाला झुंजता येत नाही, आणि त्याच्यापासून दूरही सरता येत नाही.

आजची चित्रकर्ती तेच करते, मात्र तिच्या चौकटीत तारणहार नसतो. अमेरिकेतील ॲली ब्रॉश हिने ‘हायपरबोल अँड अ हाफ’ या आपल्या चित्रमालिकेत २०११ च्या ऑक्टोबरात आणि मग दीर्घ मौनानंतर २०१३ च्या मेमध्ये स्वतःच्या नैराश्याची कैफियत मांडली. स्वतःला तिने नळीसारखे अंग आणि डोक्यावर पिवळा त्रिकोण एवढ्यावरच रेखाटले आहे. आपले मासे मेले आहेत असे सांगणाऱ्या माणसाला लोक उत्साहाने मासे शोधून देऊ लागतात, या दृष्टान्ताने तिने हितचिंतकांच्या उपदेशातील वैयर्थ्य दाखविले. आणि भावनाच थिजून गेल्यावर अखेर तिला हसू फुटते ते फ्रिजखाली सापडलेल्या मक्याच्या एका वाळक्या दाण्याने. उपदेश नाही, आश्वासन नाही, चमत्कार नाही.

स्कॉट मक्लाउड या चित्रकथाकाराने १९९३ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, चेहरा जितका साधा, तितकी अधिक माणसे त्यात स्वतःला पाहू शकतात. आपल्याकडे रसमीमांसक भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, म्हणजे भाव कुणा एका व्यक्तीचा न राहता सर्वांचा होणे, त्याच्याशी हे मत जवळचे आहे. परंतु येथे एक भेद उरतो. रसिकापुढील शोक कुणाचाच नसतो, म्हणून तो आस्वाद्य होतो. उलट त्या लोकलमधील वाचक म्हणते, ‘ही तर मीच.’ केळकरांचा वाचक स्वतःतून निघून दुसऱ्यात शिरतो, तर हिला स्वतःच्या आत कोंडलेले दुःख बाहेर, बोटभर चौकटीत, ठेवलेले सापडते. जे दिसते ते पाहणाऱ्याहून वेगळे, हा वेदान्ताचा दृग्दृश्यविवेक तिने वाचलेला नसेल. परंतु ‘मी म्हणजेच हे दुःख’ या समजुतीला पहिला तडा तेथे जातो. तिचे हलकेपण हे माझ्या मते सांत्वनातून आलेले नाही, ते साक्षित्वातून आलेले आहे.

यावर रास्त आक्षेप असा की, साक्षित्वाच्या नावाखाली दुःखाचे व्यसनही लागू शकते. छापील पुस्तकाला अखेरचे पान असते. मोबाइलवरील चौकटींना ते नसते, आणि स्वतःसारखीच व्यथा शोधीत रात्र सरली तर पाहणारा पुन्हा दृश्यातच बुडतो. हा आक्षेप मी मान्य करतो. चित्रकथा निदान करीत नाही, औषध देत नाही, आणि जिवावर उठलेल्या विचारापाशी रात्रभर बसू शकत नाही. त्यासाठी जिवंत माणूसच हवा: देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची सेवा, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असलेली सरकारी ‘टेली-मानस’, किंवा जवळचा मनोविकारतज्ज्ञ.

तथापि त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाटच बहुतेकांना अवघड जाते. मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात, जेथे फोनवरचे प्रत्येक वाक्य शेजारच्या खोलीत ऐकू जाते आणि ‘तुला कमी काय आहे?’ या प्रश्नापुढे सारे युक्तिवाद संपतात, तेथे आपल्या व्यथेची जबानी देण्यास शब्द सापडत नाहीत. अशा वेळी मोबाइल पुढे करून ‘ताई, हे बघ, मला असं होतं’ एवढे म्हणता येते. दुःखाला साक्षीदार मिळवून देण्याचे कार्य धर्माने दीर्घकाळ केले; चित्रकथा ते अल्पांशाने करते, आणि पुढचा साक्षीदार हाडामांसाचा असावा, इतकी मदत तिने केली तरी तिचे प्रयोजन सिद्ध झाले असे मी समजतो.