सूर सोडणें

गेल्या पावसाळ्यांत नंदुरबार येथें आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. गृहस्थांस नाट्यगीतांचें वेड. बालगंधर्वांमागें हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन ज्या घरांत अजून आठवला जातो, त्या घरचे ते. परंतु खरी पायपेटी आज मिळावी कोठें, आणि मिळाली तर दुरुस्त करावी कोणीं? म्हणून त्यांनीं टॅब्लेटवर ऑर्गनचें ॲप घेतलें व त्यास तारेनें एक कीबोर्ड जोडला. रात्रीं एक पद रंगांत आलें असतां वीज गेली. कीबोर्ड घरच्या विजेवर चालणारा, तो तत्काळ मुका झाला. टॅब्लेट मात्र आपल्या बॅटरीवर जागाच होता. गृहस्थांनीं बोटें उचललीं, तरी षड्ज व पंचम अंधारांत तसेच वाजत राहिले. आंतून त्यांच्या मातोश्रींनीं विचारलें, "अरे, वाजवतंय कोण?" आम्हां दोघांसही उत्तर सुचलें नाहीं.

यांत भुताटकी कांहीं नाहीं. त्या तारेंतून सूर जातच नाहीं. १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या मिडी नांवाच्या संकेताप्रमाणें केवळ अंकांचे निरोप जातात: ६० क्रमांकाची पट्टी दाबली, ६० क्रमांकाची पट्टी सोडली. किती जोरानें दाबली हेंही १२७ पर्यंतच्या अंकानें कळविलें जातें; पण ऑर्गनला बोटाच्या जोराचें सोयरसुतक नसतें, म्हणून ऑर्गनचें ॲप बहुधा त्या अंकाकडे दुर्लक्षच करितें. सोडल्याचा निरोप आल्यावांचून मात्र तें सूर थांबवीत नाहीं. त्या रात्रीं दाबल्याचा निरोप पोंचला होता. सोडल्याचा निघालाच नाहीं. सावध ॲपें जोडणी तुटतांच सर्व सूर बंद करितात. हें तितकें सावध नव्हतें.

जुन्या पायपेटींत असें होत नसे. पाय थांबले कीं भात्याचा जोर सरे, आणि पट्टी दाबलेली असली तरी सूर विझे. तेथें सूर चालू ठेवण्यास क्षणोक्षणीं श्रम लागत. थांबण्यास कोणाचेच लागत नसत. येथें उलट झालें आहे. चालणें फुकट, आणि थांबविणें हें स्वतंत्र कर्म. पायपेटीची पट्टीही कधीं अडकून बसे, असा आक्षेप गृहस्थांनीं घेतला, व तो खराही आहे. पण पाय आवरले कीं तोही सूर जाई.

"मीं तर बोट उचललें होतें, माझा दोष काय?" असें ते म्हणाले. आम्हांस तें सहज मान्य करवेना. शहाद्याकडे उसाला पाणी सोडावयास सांगून गड्यास 'पुरे' म्हणावयाचें राहिलें, तर शेजाऱ्याचें शेत बुडाल्यावर मालक 'मी झोंपलों होतों' म्हणून सुटत नाहीं. आमचे स्नेही विसरले नव्हते, हा भेद आहेच. त्यांचा 'पुरे' वाटेंतच हरवला. तथापि जो चाकर सांगितल्याशिवाय थांबत नाहीं असा चाकर ज्यानें ठेवला, त्यानें त्याला थांबविण्याची दुसरी वाट आधींच पाहून ठेवावयास नको काय? हात उचलणें आणि हात उचलल्याचें पोंचणें या दोन गोष्टी पायपेटीनें आम्हांस कधीं वेगळ्या दिसूंच दिल्या नव्हत्या.

शेवटीं टॅब्लेटच्या पडद्यावर सर्व सूर बंद करण्याची खूण सांपडली. आतां ती त्यांनीं पहिल्याच पानावर आणून ठेविली आहे, आणि कीबोर्डास सेल घातले आहेत. सेलही केव्हां तरी ऐन पदांत संपतील, हें आम्हीं त्यांस बोलून दाखविलें नाहीं.