अर्ध्या हळकुंडाने पिवळा

फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला तो रक्तदाबाची गोळी घेऊन.

१९७२ ची शेवरले सी-१०, ३५० व्ही-८, आणि कापलेल्या वायरचं टोक हातात धरून दात काढून उभा असलेला तू. खाली मजकूर: "सर, इंजिनवर एक पिवळी वायर लोंबकळत होती. कशालाच जोडलेली नव्हती. काढून टाकली. आता कसं स्वच्छ दिसतंय!" आणि दोन ओळी सोडून, जणू याचा त्याच्याशी काही संबंधच नाही अशा थाटात: "थंडीत गाडी फार छळते. सेल्फ मारमार मारला तरी धरत नाही, आणि कंटाळून चावी सोडली की एकदम धरते. नवी बॅटरी घातली, प्लग बदलले. आता कार्ब्युरेटर उघडतो."

कार्ब्युरेटरला हात लावशील तर याद राख. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तुला तिकडे मिशिगनमध्ये सगळे हुशार म्हणत असतील. मला त्याचं कौतुक आहे. पण आयटीआयच्या शेडमध्ये दोन वर्षं माझ्यासमोर काढलेल्या पोराने असं पत्र लिहावं? तुझ्या चार ओळींत रोगही आहे आणि औषधही आहे, फक्त वाचणारा नाही.

ती वायर कोणाची होती ते सांगतो. तुझी गाडी पॉइंटवाली. इंजिन चालू असताना पूर्ण बारा व्होल्ट सतत दिले तर पॉइंट जळतात. म्हणून कारखान्याने चावीकडून कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रेझिस्टन्सची दिली. तुझ्याच लूममध्ये बघ: कापडी वेष्टन, पांढऱ्यावर नारिंगी आणि जांभळे धागे. व्होल्टेज उतरवायचं काम तिचं.

आता सेल्फ मारताना काय होतं? सेल्फ बॅटरीला पिळून काढतो. बाराचे दहा होतात, गारठ्यात त्याहूनही खाली जातात. त्या उरलेल्यातून रेझिस्टन्स वायर आपला वाटा कापून घेते आणि कॉइलच्या हातावर चिल्लर ठेवते. एवढ्यावर कसली ठिणगी पडणार?

हे कारखान्यातल्या माणसांना ठाऊक होतं. सेल्फच्या सोलेनॉइडवर दोन बारीक टर्मिनल आहेत, शेजारी अक्षरं उमटवलेली. ‘एस’वर जांभळी वायर, चावीचा हुकूम आणणारी. ‘आर’वर पिवळी. आतली तांब्याची चकती सेल्फचा मोठा करंट जोडते, त्याच क्षणी ‘आर’लाही शिवते, आणि पिवळी वायर बॅटरीत असेल नसेल ते सगळं थेट कॉइलला नेऊन देते. मध्ये रेझिस्टन्स नाही. चावी सोडली की चकती मागे आणि पिवळी गप्प. एका वेळी दोन-तीन सेकंद, एवढीच तिची नोकरी.

तुझ्या गाडीत ती कॉइलच्या प्लसवरच्या लगमधून तुटून पडली होती, बाकी काही नाही. पन्नास वर्षांत इन्सुलेशन कडक होतं, लगच्या मानेशी वायर मोडते. लोंबकळणारं टोक तुला सांगत होतं, "मला जागेवर लाव." तू कटर घेऊन धावलास.

"टेस्ट लॅम्प लावून पाहिला," असंही लिहिलंयस. काय पाहिलंस? चावी बंद, दिवा नाही. चावी ऑन, दिवा नाही. झाली वायर नकामी! अरे, चावीला तिसरी जागा आहे. रोज त्याच जागी चावी दाबून धरत दात-ओठ खातोस, आणि तपासताना तीच विसरलास? रात्रपाळीचा वॉचमन दुपारी झोपलेला दिसला म्हणून त्याला कामावरून काढणारा मालक आहेस तू. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास, आणि तेही पिवळ्याच वायरीपायी.

कोणीतरी तुला सांगेल की जीएमने १९७५ पासून एचईआय इग्निशन दिलं, त्यात ही वायर लागत नाही. बरोबर आहे. जुन्या गाडीत एचईआय बसवलेलं असेल तर ‘आर’वरची पिवळी खरोखर रिकामी होते. पण तुझ्या फोटोच्या कोपऱ्यात डब्यासारखी कॉइल, म्हणजे एचईआय नसल्याची खूण, मला इथून दिसते. तुला तिथे उभं राहून दिसली नाही? आणि रिकामी असती तरी ती सेल्फच्या टोकाकडून सोडवायची असते. तू कापलीस इंजिनकडून, लूमच्या तोंडाशी, आणि तांबं उघडं सोडलंस. त्या वायरीला फ्यूज नाही. सेल्फ मारताना ते टोक एक्झॉस्टला टेकलं, तर आगीचा बंब खरंच बोलवावा लागेल.

आता निमूट काम कर. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर काढून इंजिनला अर्थ कर. टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला, सुई पिवळ्या टोकाला. कोणालातरी चावी मारायला बसव. फक्त सेल्फ फिरतानाच दिवा लागला, तर माझं खरं. तरीही माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. बॅटरीचं निगेटिव्ह काढ, मीटर लाव, आणि त्या टोकापासून ‘आर’पर्यंत वायर एकच आहे याची खात्री कर. मग त्याच जाडीचा तुकडा जोड, स्लीव्ह चढव, लग दाब, आणि कॉइलच्या प्लसवर रेझिस्टन्स वायरीशेजारी बसव. मधली वायर परत टोपीत घालायला विसरू नकोस. विसरशील म्हणून लिहितो.

पुढच्या वेळी बेवारस वायर दिसली तर आधी तिला चिठ्ठी लावायची. रंग, कुठून येते, चावीच्या कुठल्या जागी जिवंत होते. तिन्ही रकाने भरेपर्यंत कटर खिशात.

दुरुस्ती झाली की पहिल्या गारठ्याच्या सकाळी सेल्फचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. चावी सोडायच्या आधी इंजिन धरलं पाहिजे. मी कान लावून ऐकणार आहे.